सातवा टाका

किसुमूच्या कोर्टात नऊला पंखा सुरू होतो,
साडेनऊला मॅजिस्ट्रेट.
मधल्या अर्ध्या तासात मी अशिलांना शिकवते
काय बोलायचं नाही.

डोर्सिला अपोंडी, वय एक्कावन्न,
न्यालेंड्यात शिवणकामाची टपरी.
तीन महिन्यांचं भाडं थकलं
तसं मालकानं माणसं पाठवून मशीन उचललं.
ते आता त्याच्या कोठारात, सिमेंटच्या गोण्यांआड.

थकबाकी खरी. ती आम्ही नाकारत नाही.
पण भाड्यापोटी पलंग नेता येतो, रेडिओ नेता येतो,
ज्याच्यावर पोट चालतं ते अवजार नेता येत नाही.
कायद्यात हे सगळं एका ओळीत आहे.
ती ओळ मी तिला तीनदा वाचून दाखवली.
तिसऱ्यांदा तिनं विचारलं,
"त्यांना कुणी वाचून नाही दाखवली?"

ओनसोंगो वकिलांचा मुद्दा सरळ:
मशीन हिचंच कशावरून? पावती कुठंय?
पावती नाही.
मशीन मावशीचं. मावशी गेली
आणि पावती होती की नव्हती
हेही तिच्याबरोबर गेलं.

मी कागद चाळत होते
(कागद चाळणं म्हणजे वेळ मागणं,
हे कोर्टात सगळ्यांना कळतं)
तोच डोर्सिला उठून उभी,
सकाळची शिकवणी सगळी पाण्यात.
"साहेब, त्याचा एक दात मोडलाय.
सहा टाके नीट पडतात, सातवा लांब.
माझ्या हातचं कापड
आंधळासुद्धा बोट फिरवून ओळखेल."

आणि माझ्या पाठीवरून काटा सरकला.
ह्या काळ्या कोटाचं अस्तर
गेल्या ऑगस्टात तिनंच घातलंय.
भर कोर्टात मी कोट काढला, उलटा केला,
नखानं टाके मोजत गेले
पाच, सहा,

"हरकत!" ओनसोंगो उठले.
"वकिलाला स्वतःच्या खटल्यात साक्षीदार होता येत नाही."
हरकत मान्य.
मान्यच व्हायला हवी होती.
त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतली असती,
थोडी आणखी मोठ्यानं.

पुढची तारीख एकोणीस.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी भाजलेला मका विकत होतं.
डोर्सिला बोटांवर मोजू लागली
कुणाकुणाच्या पोरांचे गणवेश शिवले:
प्लिस्टरची दोघं, पास्टरांची मधली,
मच्छी बाजारातल्या मिकालची चारही,
मालकाचा धाकटा,
"थांब," मी म्हटलं, "हा शेवटचा परत सांग."

फाइलच्या पाठीवर यादी खाली उतरत गेली.
मी साक्षीदार लिहीत होते,
ती उधारी सांगत होती.

निघताना माझा कोट चाचपून म्हणाली,
"ओढाताणीत उसवलं की. सुई आहे जवळ."
आणि मग, खाली बघत, फीचं.
म्हटलं, राहू दे.
मशीन आलं की अस्तर नवं घाल.
तो दात मात्र दुरुस्त करू नकोस,
निकाल लागेपर्यंत तरी.