सातवी कॅसेट

ओहायोहून हॅलोरनचा भाऊ पाठवायचा
तपकिरी कागदात, सुतळीने आवळून.
एका अंतिम मालिकेचे सात सामने, सात कॅसेटी.
दमामच्या कस्टममध्ये त्या महिना महिना पडून राहत.
तिथला कुणी माणूस बसून सगळा खेळ बघायचा
आणि बिअरच्या जाहिराती तेवढ्या पुसायचा.
म्हणून चेंडू हवेत असतानाच
कधी कधी पडदा काळा पडे, नुसती खरखर,
हॅलोरन तेवढ्यात बर्फ आणायला उठे.

रास तनुरा. इराण-इराकची लढाई चालू.
रात्री समुद्रावर टँकरांचे दिवे मोजता यायचे,
एखादा कमी भरला तर कोणी बोलत नसे.
मी त्याचा आचारी, बाणकोटच्या खाडीवरचा.
दर गुरुवारी तो म्हणायचा, परकार, बस.
मी दाराशी, चपला काढून, गालिच्याच्या कडेला.

पहिल्या कॅसेटला ओ का ठो कळलं नाही.
मग हळूहळू आपलंच काहीतरी दिसू लागलं:
दांडू आहे, विटी मात्र गोल,
धावायचं खांबखांबोळीसारखं,
एक खांब सोडायचा, दुसरा धरायचा,
आणि शेवटच्या खांबाला घर म्हणायचं.
तिसऱ्यावर पोचलेला एक जण
हात गुडघ्यांवर टेकून वाट बघत राहिला.
पुढचा बाद झाला, डाव संपला.
मी विचारलं, त्याचं काय?
हॅलोरन म्हणाला, काही नाही. त्याचं काही धरत नाहीत.

निकाल मला ठाऊक होता.
कपाटाच्या फळीवर अंथरायला
विमानतळावरचं जुनं वर्तमानपत्र आणलेलं,
त्यात फोटो: लाल कपड्यांची माणसं एकमेकांवर पडलेली,
जाळं झटकल्यावर बांगडे पडतात तशी.
मी त्यावर डाळीचा डबा ठेवला.
पाच गुरुवार डबा हलवला नाही.
हॅलोरन निळ्यांचा. निळ्यांनी धाव काढली की उशी फेकायचा,
मी ती उचलून द्यायचो. हसायचोसुद्धा.

सहाव्या सामन्यात निळे जिंकले.
तीन-तीन बरोबरी.
त्या रात्री त्याने मला गालिच्यावर ओढून घेतलं,
खोलीभर नाचलो दोघे, एसीखालची बादली लवंडली.

सातव्या सामन्यानंतर तो बराच वेळ
गुंडाळत जाणाऱ्या फितीचा आवाज ऐकत बसला.
मग मान न वळवता म्हणाला,
तुला माहीत होतं.
मी म्हटलं, चहा आणू का?

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजानंतर
आमच्या खोलीतल्या करीम सारंगने
उशीच्या अभ्र्यातून पत्र काढलं.
त्याच्या घरून आलेलं, शेवटी दोन ओळी माझ्यासाठी.
बाबांना पुरून एकवीस दिवस झाले होते.
पत्र येऊन नऊ.
मी बोटांवर गुरुवार मोजले,
बादली लवंडली तो बरोबर मधे येत होता.
करीम म्हणाला, रजा तुझी मार्चात,
आधी सांगून काय, चुलीपाशी रडला असतास.
त्याच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं.

हॅलोरन गेला तेव्हा खोका माझ्याकडे आला.
आता मी खोबरमध्ये, नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर एका मेसमध्ये.
व्हीसीआर एका फिलिपिनोकडून घेतलाय,
मधून मधून फीत चावतो, पेन्सिलीने गुंडाळावी लागते.
पोरं फोनवरून मान वर करून विचारतात, चाचा, कोण जिंकतं?
मी म्हणतो, बघा ना.

सातवी क्वचितच लावतो.
सहावी मात्र पाठ झालीय:
नववा डाव, लाल पोशाखाचा पोरगा
मागे मागे जातोय, हातमोजा वर,
उन्हात चेंडू हरवलेला.
इथे मी थांबवतो.
चित्र थरथरतं, मधून एक पांढरी रेघ वर सरकते.
बाणकोटला तेव्हा किती वाजले असतील,
याचा हिशोब मी अजून करतो,
दर वेळी वेगळा येतो.
मग बटण दाबतो.
पोराच्या हातून चेंडू निसटतो.