सोड नसलेली चिठ्ठी

इलोइलोच्या कोर्टात मी टायपिस्ट होते, सतरा वर्षं.
लोकांच्या भांडणांना समास सोडून, परिच्छेद पाडून
सरळ ओळीत बसवणं हे माझं काम.
माझा निकाल मात्र नेनितानं टाईप केला.
घाईत तिनं कार्बन उलटा घातला,
तिसरी प्रत कोरी निघाली
आणि दुसरीच्या पाठीवर निकाल उमटला, आरशातला.
ती प्रत मी मागून घेतली.

त्याआधी सहा महिने थांबवलं होतं.
राग निवतो का पाहू, म्हणाले.
एलेउतेरियोचा निवला.
मारून झालं की तो नेहमीच निवायचा.

मग न्यायाधीशांनी वाचलं:
अंथरूण वेगळं. ताट वेगळं.
शिलाई मशीन हिचं, ट्रायसिकल त्याची,
मुलगी हिच्याकडे.
गाठ जागच्या जागी.
मी विचारलं, म्हणजे सुटले ना मी?
ते चष्मा पुसत म्हणाले,
बाई, तुम्ही वेगळ्या झालात.
सुटण्याचं कलम आपल्याकडे नाही.

सोडचिठ्ठी मागायला गेले होते.
चिठ्ठी मिळाली.

दुसऱ्या देशांत काडी मोडतात म्हणे,
कट्‌कन आवाज होतो,
दोन तुकडे दोन दिशांना.
आमची काडी ओल्या बांबूची.
पिळा, सोला, दुमडा,
आत कुठेतरी एक धागा धरूनच राहतो.

नंतर डोमिंग आला.
गिमारासच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा,
नखांत ग्रीस, बोलणं कमी.
एकोणीस वर्षं त्यानं माझ्या घरी भात लावला
आणि शेजाऱ्यांनी त्याला भाडेकरू म्हणून सांभाळून घेतलं.
बँकेत, शाळेत, दवाखान्यात
मी एलेउतेरियोचंच आडनाव लिहीत राहिले.
दर वेळी त्या एका अक्षरावर पेन अडायचं,
पेनं बदलली तरी.

गेल्या ऑगस्टात फोन आला.
पत्नीची सही लागेल, माणूस म्हणाला.
मी गेले. जागरणाच्या टेबलांवर पत्ते, बिस्किटं,
खुर्च्या भाड्याच्या.
शवपेटीशेजारी लुझविमिंदा,
त्याच्या दोन मुलग्यांची आई,
तीन वर्षं आठवड्यातून दोनदा
त्याला डायलिसिसला नेणारी.
त्या कागदावर तिला रकानाच नव्हता.
माझा होता, चांगला ऐसपैस.

सही केली.
मग तिला विचारलं, शर्ट कोणता घालायचा?
तिनं पिशवीतून निळा काढला.
कॉलर झिजली म्हणून उलटवून शिवलेली,
टाका इतका बारीक
की मला बोटानं शोधावा लागला.
तूच घाल, म्हटलं, तुला त्याचे खांदे ठाऊक.

चर्चच्या कारकुनानं रजिस्टरात
'विवाहित' खोडून 'विधवा' लिहिलं.
कोर्टाला जमलं नाही
ते दोन मूत्रपिंडांनी केलं.

घरी डोमिंगनं साबणानं हात धुतले, दोनदा.
"मग आता?"
एकोणीस वर्षांत त्यानं असं पहिल्यांदाच विचारलं.
मी काळा झगा काढत होते, हूक अडकला होता.
आधी भात लाव, म्हटलं.

तो आत गेल्यावर ती प्रत काढली,
दिव्यासमोर धरली.
सुलटी अक्षरं, उलटी अक्षरं
एकमेकांत शिरलेली.
माझं नाव तेवढं लागलं.
पुढचं काही वाचता येईना.