रेघेला टेकलेले

आधी वाटलं, धूळ असेल.
बर्न्लीत एप्रिलमध्येही हीटर बंद करवत नाही,
आणि खिडकीत, रेडिएटरच्या बरोबर वर,
वांग्याची अकरा रोपं, काकडीची सात,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत दाटीवाटीनं उभी.
पानांवर फिकट ठिपके,
कुणी सुईनं टोचून टोचून
हिरवं तेवढं काढून नेल्यासारखे.

पानाखाली पांढरा कागद धरला,
टिचकी मारली.
कागदावर मिरपूड सांडली.
मग मिरपूड चालू लागली.

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात
मी परक्यांचं रक्त मोजलं.
काचेवरच्या चौकोनात किती पेशी,
वरच्या नि डावीकडच्या रेघेला टेकलेल्या धरायच्या,
उजवीकडच्या, खालच्या सोडून द्यायच्या.
निरोपाच्या दिवशी थट्टेनं मला भिंग दिलं होतं.
आज ड्रॉवरमधून काढलं.

एका पानाच्या पाठीवर त्रेसष्ट.
अंडी वेगळी,
काचेच्या मण्यांसारखी, मोजताना जीव चुटपुटावा इतकी गोल.
पिल्लं सहा पायांवर जन्मतात,
उरलेले दोन मागाहून फुटतात,
आपल्या अक्कलदाढेसारखे.

भिंतीपलीकडून ऑर्मरॉड बाई म्हणाल्या, "बुडव त्यांना, पोरी."
(पोरीला चौसष्टावं लागलंय.)
बादलीत पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब,
माती बोटांनी दाबून धरायची, डबा उलटा करायचा
आणि रोप मानेपर्यंत आत.
अठरा वेळा. पाठ मोडली.
रोपं निथळत उभी राहिली,
शाळेच्या पोहण्याच्या तासाहून परतलेली.

चौथ्या दिवशी कागदावर पुन्हा मिरपूड.

कोरड्या उबेत त्यांचे दिवस लवकर भरतात,
हे कळलं तेव्हा मी हीटर उतरवला.
जयवंत कानटोपी घालून जेवायला बसला,
म्हणाला, वांगी पिकेपर्यंत मी टिकलो तर भरीत कर.
मी त्याच्या मानेवरूनही फवारा मारला, चुकून.

दोन काकड्यांच्या शेंड्यांवर जाळं चढलं होतं.
इतकं तलम, की आधी मला ते आवडलं.
मग पिशवीत घातल्या, गाठ मारली.
सवयीनं दुसरीही मारली.

काट्यानं काटा काढावा म्हणतात;
हा काटा टपालानं आला,
साडेबारा पौंड, कोंड्यानं भरलेली एक नळी,
कोंड्यात शिकारी कोळी.
भिंगाखाली धरलं नि हसूच आलं:
लाल कोळी, लाल कोळी म्हणून ज्यांच्या नावानं बोटं मोडली
ते तर पिवळट, अंगावर दोन काळे डाग,
जागचे न हलणारे, बसून खाणारे.
लाल हे होते. आमच्या बाजूचे.
सैरावैरा पळत, अंड्याला तोंड लावत,
मणी रिकामा करून पुढे.

तीन आठवडे मी रोज लिहून ठेवलं.
एक्केचाळीस. सव्वीस. तीस (इथे घाबरले). नऊ. दोन.

सोबतच्या कागदावर शेवटची ओळ बारीक अक्षरांत:
खाणं संपलं की शिकारीही मरतील,
ही यशाची खूण समजावी.

काल सगळी पानं उलटून पाहिली.
नवी पालवी स्वच्छ, लवदार,
वांग्याच्या देठावर जांभळा रंग चढू लागलेला.
फक्त नवव्या डब्यातलं तळाचं एक पान
अजून ठिपक्यांचं.
त्याच्या शिरेवरून एक लालसर ठिपका
वर जात होता, परत येत होता, वर जात होता.

हातात कात्री होती.
जयवंत म्हणाला, काप की.
मी म्हटलं, चहा टाक.
पान रेघेला टेकलेलं होतं,
कुठल्या रेघेला, ते नीट दिसेना.
वहीत आजच्या तारखेपुढे
जागा कोरी ठेवली आहे.