बांध

शिल्लक रजेचे पैसे उशिरा आले.
मुलगी म्हणाली, गुडघा बदलून घे.
गुडघा मी तोच ठेवला
आणि गोल्फच्या शाळेत नाव घातलं :
चार आठवडे, तीन मैदानं,
भाड्याच्या काठ्या, चहा धरून.

वर्गात आम्ही चौघं.
दोन भागीदार, एकमेकांशी न बोलणारे;
दंतवैद्य सबनीस, चेंडूवर असे वाकत
की आता म्हणतील त्याला, जरा आ करा;
आणि मी, मृदुला कारखानीस, निवृत्त आरेखक,
बेलापूरच्या कचेरीत तीस वर्षं
ट्रेसिंग पेपरवर डोंगर उतरवलेली बाई.

शिकवणारा पद्माकर घरत.
पहिल्या दिवशी त्यानं फक्त मूठ शिकवली.
"हातात जिवंत निवटी हाय समजा.
आवललीत तर सटकंल."
निवटी म्हणजे? सबनीसांनी विचारलं.
घरत खाडीच्या दिशेला बघून हसला.

दुसरा आठवडा उलव्याच्या बाजूला, भरावाच्या जमिनीवर.
मी मारलेला चेंडू थोडा वर गेला,
विचार बदलला,
आणि जवळजवळ माझ्याच पायाशी परत आला.
"वाऱ्याशी भांडू नका, मॅडम.
एक नंबर मोठी काठी घ्या अन् हळू मारा."
एका भागीदारानं हे वहीत लिहून घेतलं.
दुसऱ्यानं वही मागितली.
त्यांचं बोलणं सुरू झालं ते असं.

मग येऊरच्या पायथ्याचं मैदान,
एक पाय वर, एक पाय खाली.
तिथं माझा गुडघा पहिल्यांदा उपयोगी पडला :
तो आधीच वाकलेला असतो.
वाळूत मात्र अकरा फटके.
घरतनं मोजले नाहीत.
मी मोजले. सवय.

शेवटचा आठवडा खारघर. सकाळचे सात,
डोंगराची सावली अजून गवतावर, दव.
सातव्या होलला माझा चेंडू
झेंड्यापासून बारा पावलं.
मी उतार वाचला. त्यावरच तर पोट भरलं इतकी वर्षं.
सरळ, म्हटलं, किंचित डावीकडे.

"भोकाकडं नका बघू," घरत म्हणाला,
"इथं कलशी वतली तर पानी कुठं पलंल?"
तो उकिडवा बसला, तळहात गवतावर.
"इथं बांध व्हता आमचा.
वरनं माती टाकली, गवत लावलं,
पन बांध काय मरत नाय."

अठ्ठ्याऐंशी साल. शीट क्रमांक चौदा.
अर्ध्या मीटरहून कमी उंचीचं काही
दाखवायचं नाही, असा नियम.
मोजणीच्या वहीत होते ते बांध,
पेन्सिलीतले, वाकडेतिकडे.
मी त्यांच्यावरून एक रेघ नेली,
शून्य पॉइंट दोनच्या पेनानं, न थांबता.
साहेब म्हणाले होते, सुबक.

हे मी घरतला सांगितलं नाही.
म्हणजे सांगायला तोंड उघडलं,
तोवर तो झेंडा काढून
बाजूला जाऊन उभा होता.

मग मी उजवीकडे नेम धरला,
भोकापासून दोन हात दूर, जिथं काहीच नाही.
चेंडू दवात रेघ ओढत गेला,
मध्येच कुणी कोपराला धरून वळवावं
तसा वळला,
भोकाकडे निघाला,
आणि वीतभर अलीकडे थांबला.

अरेरे, सबनीस म्हणाले.
घरत अजून वाकून बघत होता.
"बरोबर हाय," तो म्हणाला,
"पानी हितंच थांबायचं."

उरलेली वीत, तीही चुकली.
कार्डावर सहा लिहिले.
आठव्या होलकडे जाताना
दवातली ती वाकडी रेघ
मी ओलांडली नाही.
वळसा घातला.