वारा: हो

ही ब्रिसा ओयार्सो, मी म्हणाले,
आणि ट्रेलरचा पत्रा असा काही खडखडला
की तेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं.
ब्रिसा म्हणजे झुळूक.
फेर्मिन हसला, नेलिदाच्या हातातली किटली हिंदकळली.
या पठारावर झुळूक कुणी पाहिलीय?
इथला वारा दार वाजवत नाही,
दारच घेऊन जातो.

वय एकोणीस. गाव ग्रेगोरेस.
उन्हाळाभर आपल्याकडे शिकाऊ म्हणून.
जनरेटर खोलता येतो हिला, परत जोडताही येतो,
आणि त्यानंतर एकही स्क्रू उरत नाही.
शाळा अर्धवट. हे मी बोलले नाही, कागदावर होतं.
वडील मेंढ्यांच्या मळ्यावर पगारी सापळेवाले,
चाळीस वर्षं कोल्हे, प्यूमा,
कुंपणाच्या तारेवर वाळणारी कातडी.
हेही मी गाळणार होते.
तिनंच सांगितलं, मातेचा पेला दोन्ही हातांत धरून,
जसा कुणी आपला रक्तगट सांगतो.

मग पोतं उघडलं.
अकरा सापळे. तेल दिलेले, दात घासून लख्ख.
"मिंक काठाकाठानंच येतं ना?
मग ते कुठे वळतं, मला कळेल."

उलिसेस काही बोलला नाही.
गेल्या साली त्याच्याच तळ्यावर, एका रात्रीत,
मुंगसाएवढ्या त्या एका जनावरानं
अख्खी वसाहत मारून टाकली होती.
सकाळी मोजणी त्यानंच केली. तेव्हापासून मांस खात नाही.
तो सापळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.
"हे माझ्या पलंगाखाली ठेवू नका," म्हणाला,
आणि बाकावर सरकून तिला जागा केली.

संध्याकाळी तिला तळ्यावर नेलं.
दुर्बिणीत आधी नुसतं पाणी, मग ती:
टिबुकलीच्याच कुळातली, पण अंग पांढरंशुभ्र, डोकं काळं,
कपाळावर मळवट भरावा तसा तांबडा तुरा.
पाणवेलींच्या गादीवर बसलेली,
लाट येईल तसं घरटं वर, घरटं खाली.
मी सांगत गेले, दरवर्षी सांगते तसं.
अंडी दोन घालतात. एक पिल्लू निघालं
की त्याला पाठीवर घेऊन चालत्या होतात.
दुसरं राहतं. अजून ऊब असते त्यात.

"मग दुसऱ्याचं काय?"
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
दरवर्षी मी कुरवांकडे बोट दाखवते.
ती कुरवांकडे बघत नव्हती.

रात्री तिनं आपल्या तंबूच्या खुंट्या दोनदा ठोकल्या,
मग माझ्याही, न विचारता.

पहाटे तिची नोंदवही पाहिली. गिचमिड अक्षर.
जोड्या चौदा.
कुरव तीन. दगड मारले. लागला नाही. मुद्दाम.
मिंक: माग नाही. उद्या पलीकडच्या काठावर बघते.
वाऱ्याच्या यंत्राची भिंगरी रात्रीच उडून गेलेली,
म्हणून त्या रकान्यात नुसतंच: हो.
अंडी अठ्ठावीस.

तिथं आम्ही सगळे चौदा लिहितो.
जगतील तेवढीच.
दुरुस्त करायला मी पेन काढलं.
शाई थंडीनं गोठलेली, कागदावर नुसता चरा उठला.
नेलिदानं हाक मारली, पाणी उकळलंय म्हणून.
येते, म्हणाले, आणि पेन काखेत धरून
तशीच बसून राहिले, ऊब यायची वाट बघत.