बोट वाकवा

जागंच ठेवणार, म्हणाले.
फक्त हात झोपेल.

मी बिर्नाला विचारलं,
आणि कान? त्यांना काय देणार?
एकतीस वर्षं क्लाक्सविकच्या कारखान्यात
कॉड चिरलाय मी.
सुरी कुठवर गेली ते न बघता कळतं मला,
कातडीत वेगळी वाजते, काट्यावर वेगळी.

ती हसली नाही. बरं वाटलं.
म्हणाली, भीती वाटली तर बोलत राहा,
गप्प बसणाऱ्यांनाच जास्त घाम फुटतो.

सुई मात्र झोंबली.
मग तळवा फुगला, पांढरा पडला
बर्फातल्या मासळीसारखा,
आणि माझा राहिला नाही.

निळ्या पडद्यापलीकडे कोणीतरी
कोणाचं तरी काहीतरी ओढत होतं.
दुखत नव्हतं. ओढ तेवढी कळायची,
गळाला लागलं की दोरीतून कळते तशी.
मी बोलत सुटले, मेंढ्यांबद्दल,
वाऱ्यानं उडालेल्या दिराच्या छपराबद्दल,
आणि छपरापाशी असतानाच
डॉक्टर म्हणाले, मार्जुन, बोट वाकवा.

कोणाचं?

तुमचंच.

अडीच वर्षं रोज सकाळी
गंजल्या कडीसारखं अडकणारं,
दुसऱ्या हातानं सोडवावं लागणारं ते बोट.
त्याला आतल्या आत हाक मारली.
मला काही कळलं नाही.
पलीकडे सगळे गप्प.
पुन्हा, म्हणाले डॉक्टर. सरळ करा. पुन्हा.
आवाजावरून कळलं, अडकत नाहीये.

झोपलेल्या बाईला हे सांगता आलं नसतं.

टाक्यांच्या वेळी मीच म्हटलं,
पडदा जरा सरकव गं.
बघितलं.
जवळजवळ घाला, म्हटलं, लांब टाका उसवतो.

डॉक्टरांनी मान वर केली नाही,
पण पुढचा टाका
जवळ घेतला.