आयत्या वेळचे विषय

संत्र्याच्या बागेचे बेचाळीस प्लॉट पडले,
प्लॉटांची संस्था झाली, संस्थेचा शिक्का झाला.
शिक्का देवतळे गुरुजींच्या कपाटात,
कपाटाची किल्ली काळबांड्यांकडे,
आणि काळबांडे चार वर्षांपासून
गुरुजींशी बोलत नाहीत.

माझ्या न्हाणीमागे त्या बागेचा एक खुंट उरलाय.
दर साली फुटतो, पण कलमाच्या खालून,
जंबेरीच फुटते, काटेरी.
फळ आंबट. मी लोणचं घालते.

ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मतदार यादीत अनुक्रमांक एकवीस:
गुल्हाने वासुदेव सखाराम, वय एकोणसाठ.
तेवढंच अजून.
यादी कोणाला म्हातारं होऊ देत नाही.
नाव बदलायचा अर्ज मी तीनदा दिला, पोच आहे,
एका पोचेवर चहाचा डाग आहे,
तो काळबांड्यांच्या कपाचा.

आदल्या रात्री विकास पॅनल आलं,
टॉर्च, मफलर, एक पेढ्याचा डबा.
"वहिनी, नाव आत्ताच चढवून देतो न,
मागची तारीख टाकून."
साडेनवाला परिवर्तन पॅनल आलं.
वाक्य तेच, तारीख आणखी मागची.
मी म्हटलं, बाप्पा,
त्या तारखेला तर हे याच खुर्चीत बसून
भेंडीची भाजी नको म्हणत होते.
पेढे मात्र ठेवून घेतले.
परत द्यायला कोणाचा डबा कोणता, ते कळेना.

मतदान मारुतीच्या टिनाच्या शेडात.
आर्वीहून साहेब आले, सोबत सील केलेला पिंप.
शेड संस्थेची की देवाची, हाच मुळात वाद,
पण उन्हात कोण उभं राहणार,
म्हणून त्या दिवसापुरती ती दोघांची.
मी बाहेर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले.
आतून आवाज येत होते:
हिशोब दाखवा. तुम्ही आधी कुंपणाचे चौदा हजार दाखवा.
मग एकदम काहीच नाही, फक्त पंखा.
सतरा, सतरा.

साहेबांनी चिठ्ठ्या केल्या.
उचलायला असं लेकरू पाहिजे, जे कोणाचंच नाही.
उईके चौकीदाराची पुष्पा सापडली,
नाल्याकडे राहते, प्लॉट नाही, मत नाही, शाळेला सुट्टी.
तिनं चिठ्ठी काढली आणि फ्रॉकला हात पुसले.
गुरुजी निवडून आले.
गुलाल तिच्याही केसात गेला.

पहिल्या सभेचा अजेंडा माझ्या दारातही टाकला,
वासुदेवरावांच्या नावानं.
विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
ते झालं नाही, कारण मागील इतिवृत्त काळबांड्यांकडे.
विषय दोन तिथेच अडकला.
आठवा: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
मी पिशवीत बिलं घेऊन गेले होते.
बोअरचं मीटर ह्यांच्या नावावर आहे, कोणाला आठवतही नाही.
चेकवर दोन सह्या लागतात,
आणि दोन सह्या एका खोलीत बसत नाहीत,
म्हणून चार महिने मीच भरतेय, पेन्शनमधून.
आठव्यापर्यंत सतरंजी अर्धी गुंडाळली होती.
"पुढच्या सभेत घेऊ न काकू."

पाचव्या महिन्याचं बिल मी भरलं नाही.
रागानं नाही. चष्मा करायचा होता.

मंगळवारी लाइनमन फ्यूज काढून घेऊन गेला.
बुधवारी सहाला दार वाजलं.
दोन्ही पॅनल, बादल्या, गुंड, एक रंगाचा डबा,
पहिल्यांदाच एका ओळीत,
अनुक्रमांकानं नाही, आले तसे.
"काऊन बंद हाय वो मोटर? थकबाकीदार कोण?"
मी म्हटलं, एकवीस नंबर. त्यांनाच विचारा.
कोणी हसलं नाही. गुरुजींनी टोपी नीट केली.

सगळ्यांच्या मागे पुष्पा, काखेत कळशी.
माझ्याकडे एकच गुंड भरलेला होता.
तिला पुढे बोलावलं, कळशी भरून दिली.
मग बाकीच्यांना म्हटलं, बसा.
ओट्यावर, पायरीवर, जागा होईल तिथे.
आणि काळबांडे, तुम्ही लिहून घ्या:
आयत्या वेळचा विषय आहे.